रिपोर्टमध्ये स्पर्म काउंट ९ मिलियन आलाय, क्लिनिकवाले थेट इक्सी (लॅबमध्ये स्पर्म बीजात टोचायची ट्रीटमेंट) म्हणतायत. काय करू?

हिंजवडी_फेज३:

नमस्कार मंडळी, एरवी नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय आणि तेही असल्या विषयावर, सांभाळून घ्या.

मी ३४, बायको ३१. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातलं गेलं दीड वर्ष चान्स घेतोय. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, थायरॉइड, एएमएच (बीजांचा साठा कळायची रक्ततपासणी), फॉलिक्युलर स्टडी (बीज वाढतंय का बघायची सोनोग्राफी), ती ट्यूब बघायची एचएसजी पण झाली, त्यात बिचारीला केवढा त्रास झाला, आणि सगळं नॉर्मल. एवढं सगळं झाल्यावर मग डॉक्टर म्हणाल्या की मिस्टरांची पण एक टेस्ट करून घ्या. म्हणजे मी वर्षभर तिच्यासोबत बाहेरच्या खुर्चीवर बसून मोबाईल बघत होतो आणि मला कुणी काही विचारलंच नाही.

नवरात्र झाल्यावर सिमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे वीर्याची तपासणी केली. व्हॉल्यूम १.१ एमएल, काउंट ९ मिलियन पर एमएल, प्रोग्रेसिव्ह मोटिलिटी (पुढे पळणारे स्पर्म) १८ टक्के, नॉर्मल फॉर्म्स (नॉर्मल आकाराचे) २ टक्के, पस सेल्स ६ ते ८. खाली लिहिलंय ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया, म्हणजे स्पर्म कमी, मंद आणि वेडेवाकडे, नाव वाचूनच घाम फुटला. क्लिनिकमध्ये दाखवलं तर दहा मिनिटांत इक्सीचं पॅकेज समोर ठेवलं, ईएमआयचा कागद पण तयार. मला कुणी तपासलं नाही, फक्त कागद बघितला.

बाकी तब्येत ठणठणीत आहे, दारू कधीतरी, सिगरेट नाही. ऑगस्टमध्ये डेंग्यू झालेला, प्लेटलेट २८ हजारांवर गेल्या म्हणून अ‍ॅडमिट होतो, पण आता एकदम बरा. आई म्हणते लग्नानंतर जेजुरीला जोडीनं गेला नाहीत म्हणून होतंय. तिला या रिपोर्टचं काही सांगितलेलं नाही.

प्रश्न असा की एका रिपोर्टवर एवढा मोठा निर्णय घ्यायचा का? आणि पुरुषांसाठी नेमकं कुठल्या डॉक्टरकडे जायचं असतं?

काचपट्टी:

दादा, आधी एक सांगा, सॅम्पल कुठे दिलंत? लॅबमध्येच की घरून नेलंत? मी सिंहगड रोडला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज हेच मायक्रोस्कोपखाली बघते म्हणून विचारतेय.

हिंजवडी_फेज३:

घरून. वाकडहून कर्वे रोडला. लॅबमध्ये कलेक्शन रूम होती पण बाहेर रांग आणि दार वाजवणारे लोक, तिथे काही शक्य नव्हतं. डबी पिशवीत घालून स्कूटरच्या हुकला अडकवली, चांदणी चौकात नेहमीचं ट्रॅफिक, वर पाऊस. सव्वा तास तरी गेला असेल.

काचपट्टी:

वाटलंच मला. मग त्या १८ टक्क्यांवर रडत बसू नका. सॅम्पल अर्ध्या तासात, फार तर एका तासाच्या आत लॅबला पोचलं पाहिजे आणि वाटेत अंगाच्या उबेला राहिलं पाहिजे, म्हणजे शर्टाच्या आतल्या खिशात वगैरे. थंडीवाऱ्यात लटकत गेलं की स्पर्म मंदावतात, वेळ जाईल तशी मोटिलिटी खाली येत जाते. काउंट त्याने बदलत नाही, पण मोटिलिटी नक्की बदलते. लॅबने डबीवर वेळ लिहून घेतली होती का? नसेल तर रिपोर्टमधलं ते कलम अर्धवटच समजा.

दुसरं म्हणजे व्हॉल्यूम १.१. सगळं डबीत पडलं होतं का? हे विचारायला पण लोक लाजतात आणि सांगायला पण, पण सुरुवातीच्या थेंबांतच सगळ्यात जास्त स्पर्म असतात, तेच बाहेर सांडले तर काउंट उगाच कमी दिसतो. सांडलं असेल तर सरळ सांगायचं, आम्ही तसं रिपोर्टवर लिहितो, कोणी हसत नाही. सॅम्पलच्या आधी २ ते ७ दिवस गॅप हवा, कमी पण नको आणि 'जास्त साठेल' म्हणून पंधरा दिवस पण नको. तेल, साबण, थुंकी काही वापरायचं नाही, साधा कंडोम तर अजिबातच नाही. आधी लघवी करून हात धुऊन घ्यायचे आणि हात कोरडे करायचे.

आता आकड्यांचं. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलप्रमाणे खालची मर्यादा अशी आहे: व्हॉल्यूम १.४, काउंट १६ मिलियन पर एमएल, एकूण ३९ मिलियन, प्रोग्रेसिव्ह मोटिलिटी ३० टक्के आणि नॉर्मल आकाराचे ४ टक्के. हो, ४ टक्केच, शंभरातले शहाण्णव वेडेवाकडे असले तरी माणूस नॉर्मलमध्ये बसतो, त्यामुळे तुमचे २ बघून घाबरू नका. आणि ही मर्यादा आली कुठून तर ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे घेतले, त्यातले सगळ्यात खालचे ५ टक्के जिथे संपतात ती ही रेघ. म्हणजे रेघेखालच्यांनाही पोरं झालेली आहेतच की. रेघेखाली गेलं की चान्स कमी होतो, संपत नाही.

तुमचा हिशोब करून बघा, १.१ गुणिले ९ म्हणजे एकूण साधारण १० मिलियन, त्यातले पुढे पळणारे १८ टक्के म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलियन. हा आकडा खरा असेल तर तो कमीच आहे, मी खोटा दिलासा देणार नाही. पण तो खरा आहे का, हेच अजून कळलेलं नाही. एकाच माणसाचे दोन सॅम्पल निम्म्या-दुपटीने वेगळे आलेले मी कितीदा बघितलेत. आम्ही न्यूबॉअर चेंबरवर मोजतो, जाड काच असते, तिच्यावर बारीक चौकोन कोरलेले असतात, त्या चौकोनांतले एकेक मोजायचे, किमान २०० मोजायचे आणि ते पण दोनदा. घाईत पन्नास मोजून गुणाकार ठोकणारे पण आहेत.

पस सेल्सचं पण एक. गोल पेशी दिसल्या की सगळ्या पस सेल लिहून टाकतात, त्यातल्या काही न पिकलेल्या स्पर्मच्या पेशीच असतात. त्यावरून लगेच अँटिबायोटिकचा कोर्स गिळत बसू नका, डॉक्टरना विचारा.

गावरान:

एवढं काय टेन्शन घेताय, आमच्याकडे उडदाचे लाडू, डिंक, अश्वगंधा, कवचबीज दुधातून, तीन महिन्यांत माणूस घोडा होतो. पातळपणा असेल तर तो पण जातो. इंग्रजी औषधांनी कुणाचं भलं झालंय?

रात्रपाळी:

गावरान भाऊ, लाडू खा, छानच असतात. पण घट्ट-पातळ यावरून काउंट कळत नाही. वीर्याचा बहुतेक भाग सेमिनल व्हेसिकल आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो, स्पर्मचा वाटा अगदी किरकोळ. नसबंदी केलेल्या माणसाचं वीर्य दिसायला तसंच असतं आणि त्यात स्पर्म शून्य असतो. तसंच सेक्स व्यवस्थित होतो म्हणजे काउंट चांगला असणार हे पण खरं नाही, दोन वेगळी खाती आहेत ती. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या त्या जाहिराती दोन्हीची मुद्दाम खिचडी करतात आणि त्यावरच त्यांचं दुकान चालतं.

मी युरॉलॉजीला रेसिडेंट आहे, ड्यूटी आत्ता संपलीये, झोप येईपर्यंत लिहितो. हिंजवडी, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीये, ऑगस्टमधला डेंग्यू. एक स्पर्म तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, वर नळीतून पिकून बाहेर यायला अजून थोडे दिवस. म्हणजे आजचं सॅम्पल हे दोन-अडीच महिन्यांपूर्वी अंडकोषात काय चाललं होतं त्याचा रिपोर्ट असतो. तेव्हा तुम्ही तापाने फणफणत होतात. अंडकोष शरीराबाहेर लटकतात ते उगाच नाही, त्यांना बाकी शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. मोठा ताप येऊन गेला की काउंट, मोटिलिटी दोन्ही कोसळतात आणि बहुतेकांचे आपोआप वर येतात. पुण्यात पावसाळ्यानंतर असे रिपोर्ट घेऊन येणारे दरवर्षी दिसतात, डेंग्यू, चिकनगुनिया, टायफॉइड काहीही.

तर टेस्ट परत करा, पण ताप जाऊन पूर्ण तीन महिने झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी. बायको ३१ ची आहे आणि एएमएच चांगलं आहे, तुमच्याकडे तेवढा वेळ आहे. ती ३८ ची असती तर मी थांबा म्हटलं नसतं.

पण दुसऱ्या रिपोर्टची वाट बघत बसायच्या आधी एक काम आत्ताच करा, एखाद्या युरॉलॉजिस्टकडून, त्यातही अँड्रॉलॉजी बघणारा असेल तर उत्तमच, स्वतःची तपासणी करून घ्या. कागदाची नाही, तुमची. उभं करून बघतात, खोकायला किंवा कुंथायला सांगतात, त्यात व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, कळतं. अंडकोषांचा आकार बघायला ऑर्किडोमीटर असतो, अंडाकृती मण्यांची माळच, १ एमएलपासून २५ एमएलपर्यंतचे १२ मणी, एका हातात माळ धरून दुसऱ्या हाताने मिळवून बघायचं. वीर्य वाहून नेणारी नळी दोन्ही बाजूंना हाताला लागते का बघतात, काहींना ती जन्मतःच नसते. पाच मिनिटांचं काम. मग तुमच्या काउंटला सकाळी दहाच्या आत रक्त देऊन एफएसएच (मेंदूकडून अंडकोषांना हुकूम देणारं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन. लागलं तर एलएच आणि प्रोलॅक्टिन ही अजून दोन हार्मोन्स. तुम्हाला कुणी डीएनए फ्रॅगमेंटेशन टेस्ट (स्पर्ममधला डीएनए तुटलाय का बघायची) पहिल्याच भेटीत विकायला आलं तर का म्हणून विचारा, सुरुवातीच्या तपासणीत ती लागत नाही, वारंवार गर्भपात होत असतील तर तिचा विचार होतो.

आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत पण विचारणारच. २०२० साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, २३०० हून जास्त जोडपी, पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं, ना रिपोर्ट सुधारला ना मुलं जास्त झाली. महिन्याला दोन-तीन हजारांच्या गोळ्या लिहून मिळतात तेव्हा हे आठवा.

कात्रज_बॉय:

सर मी २४ चा आहे लग्न नाही झालं अजून, जिममध्ये ट्रेनरनी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सायकल चालू केलीये चार महिने झाले, बॉडी एकदम भारी झालीये पण हे वाचून डोकं फिरलं, टेस्टोस्टेरॉन म्हणजे तर मर्दानगीचंच हार्मोन ना मग त्याने काउंट वाढायला पाहिजे ना

रात्रपाळी:

उलटं होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो एलएच आणि एफएसएच सोडायचं बंद करतो आणि त्या दोघांच्या हुकमाशिवाय अंडकोष काम करत नाहीत. रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त, अंडकोषात कमी, काउंट घसरत घसरत शून्यावर पण येतो. अंडकोष लहान पण होतात. सोडल्यावर बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात परत येतं, काहींना दोन वर्षं लागतात, सगळ्यांचं पहिल्यासारखं येईलच असं कोणी लिहून देणार नाही. ट्रेनरच्या सांगण्यावरून अजून काही टोचून घेऊ नकोस आणि एकट्याने धाडकन बंद करून डिप्रेशनमध्ये पण जाऊ नकोस, डॉक्टरला दाखव. लाजू नको, ओपीडीत तुझ्यासारखे पुष्कळ येतात.

भोसरीचा_भाऊ:

माझं सांगतो. मी भोसरीला फाउंड्रीत, भट्टीसमोर आठ तास उभा. काउंट ६ होता. आमच्या बायकोला पण तीन वर्षं गोळ्या आणि इंजेक्शनं, तिच्या माहेरच्यांना पण ऐकून घ्यावं लागलं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून युरॉलॉजिस्टकडे गेलो. त्याने उभं करून हात लावल्या लावल्या सांगितलं डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे. पायाच्या शिरा फुगतात ना उभं राहून राहून, तसं तिथल्या शिरा फुगतात आणि रक्त साचून गरम राहतं. डॉक्टर म्हणाला दर शंभरातल्या पंधरा पुरुषांना असतं आणि त्यातल्या पुष्कळांना काही होत नाही, म्हणून सोनोग्राफीत बारीकसं दिसलं की लगेच कापाकापी नाही करायची, हाताला लागणारं असेल आणि रिपोर्ट खराब असेल तरच.

मायक्रोस्कोप लावून ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी. सेठला सांगून डिपार्टमेंट बदलून घेतलं, डिस्पॅचला आलो, ओव्हरटाइम गेला ते वेगळं. मिश्री लावायचो ती सोडली. पहिल्या तीन महिन्यांत ढिम्म काही हललं नाही, बायको पण म्हणायला लागली की पैसे पाण्यात. नंतरच्या रिपोर्टला १९ आला. तरी आपोआप नाही राहिलं, आययूआय, म्हणजे स्पर्म नळीने गर्भाशयात सोडणं, करावं लागलं, दुसऱ्या वेळी राहिलं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, माझ्याच डिपार्टमेंटमधल्या एकाचं ऑपरेशन होऊन काही फरक पडला नाही. पण इक्सीच्या आधी एवढं तरी बघायला पाहिजे की नको? पावती फाडायची घाई त्यांना असते, आपल्याला कशाला.

दुपारचा_चहा:

मी बायकोच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे ह्यांचा रिपोर्ट शून्य आला होता. शून्य म्हणजे अझूस्पर्मिया. त्याच्या आधी माझी लॅप्रोस्कोपीसुद्धा करून झाली होती, पोटाला तीन भोकं पाडून, आणि ह्यांची साधी डबीतली टेस्ट कुणाला सुचली नव्हती. साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाचा काही ना काही वाटा असतो, कधी एकट्याचा, कधी दोघांचा मिळून, हे डॉक्टरांना माहीत नसतं का? माहीत असतं. पण पुरुषाला टेस्ट सांगितली की तो पेशंट परत येत नाही अशी भीती, म्हणून आधी बाईला झोपवायचं टेबलावर. राग येतो मला अजून.

शून्य आला तरी सगळं संपत नाही. आधी बघतात की तयार होतायत पण वाट बंद आहे, की तयारच होत नाहीत. एफएसएच, अंडकोषांचा आकार आणि व्हॉल्यूम यावरून बराच अंदाज येतो. मग कॅरिओटाइप (सगळ्या क्रोमोसोमची तपासणी) आणि पुरुषाच्या वाय क्रोमोसोमची तपासणी, या वायमधले काही तुकडे गायब असतील तर आत शोधून पण स्पर्म मिळत नाहीत आणि काही प्रकारांत मिळतात पण मुलगा झाला तर त्याला पण तीच अडचण जाते, हे आधी कळलेलं बरं. आमच्याकडे वाट बंद होती. सुईने आतून काढले आणि इक्सी केली. म्हणजे इक्सी काही वाईट नाही हो, एकेक स्पर्म बीजात टोचायची ही सोय १९९२ मध्ये बेल्जियममधून आली नसती तर आम्हाला मूलच नसतं. ज्याला गरज आहे त्याने करावीच. मला राग आहे तो न तपासता पॅकेज दाखवण्याचा.

आणि कुणाला डोनर सुचवला तर टेस्ट-ट्यूब बेबीसारख्या उपचारांचा २०२१ चा एआरटी कायदा आहे, रजिस्टर्ड बँकेतूनच घ्यावं लागतं, कोण ते आपल्याला कळत नाही आणि मूल कायद्याने आपलंच. दिराचं घ्या, मावसभावाचं घ्या असलं घरात कुणी बोललं तर विषय तिथेच बंद करा.

हिंजवडी_फेज३:

सगळ्यांचे आभार, सकाळपासून ऑफिसात हेच वाचतोय, दोन मीटिंगमध्ये काय झालं मला माहीत नाही. सांडलं होतं थोडं, हो. लॅबमध्ये सांगितलं नाही. शनिवारी युरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीये, बायको म्हणाली मी पण येते, या वेळी बाहेरच्या खुर्चीवर मी बसणार.

एक राहिलं, केस गळतात म्हणून वर्षभर फिनास्टेराइड घेतोय, त्याचा काही संबंध?

आणि दुपारचा चहा ताई, आईला सांगायचं का हो? ती रोज बायकोला शतावरी देते दुधातून. बायको गपचूप पिते.

रात्रपाळी:

काही पुरुषांत फिनास्टेराइडने काउंट कमी होतो आणि गोळी थांबवली की सुधारतो. शनिवारी न विसरता सांगा, आत्ता चालू असलेली प्रत्येक गोळी, पावडर, प्रोटीन सगळं सांगा. लहानपणी गालगुंड झालं होतं का, अंडकोष खाली उतरायला उशीर झाला होता का, हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, हे पण आईला विचारून ठेवा. त्याच्यासाठी रिपोर्ट सांगायची गरज नाही.

दुपारचा_चहा:

सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा पण शतावरी बंद करा हो तिची. "आई, दोघांच्या टेस्ट चालू आहेत, तिचं सगळं नॉर्मल आहे, माझ्या चालू आहेत" एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून जाऊ दे. माझ्या सासूबाई ह्यांचं कळल्यावर दोन दिवस बोलल्या नाहीत, मग तिसऱ्या दिवशी मलाच म्हणाल्या तुझ्या पोटाला उगाच भोकं पाडली गं. पुढे इंजेक्शनच्या दिवसांत डबा त्याच करून द्यायच्या. जेजुरीला पण जाऊन या की, दोन तासांचा रस्ता आहे, तेवढंच फिरणं होईल.

भोसरीचा_भाऊ:

जेजुरीला नऊ लाख पायऱ्या म्हणतात, ऑपरेशन झालंच तर त्याच्या आधी जाऊन या, नंतर डॉक्टर महिनाभर जड काम करू देत नाही 😀

काचपट्टी:

परत टेस्ट कराल तेव्हा वाकडजवळची लॅब बघा, कर्वे रोडला यायची काही गरज नाही. आदल्या दिवशी फोन करून विचारा की तिथे कलेक्शन रूम आहे का आणि मिसेसना आत येऊ देतात का, बऱ्याच ठिकाणी देतात. सोमवारी सकाळी जाऊ नका, शुगरवाल्यांची गर्दी असते आणि सगळे घाईत असतात. बुध-गुरुवारी अकरानंतर जा. शक्यतो दोन्ही वेळा गॅप सारखाच ठेवा, म्हणजे मागच्या वेळी चार दिवस असेल तर आता पण चार, नाहीतर तुलना कशाशी करणार. पहिला रिपोर्ट पण सोबत न्या. आणि नवीन आला की इथे फोटो टाकू नका, वर नाव आणि मोबाईल नंबर छापलेला असतो, नुसते आकडे टाइप करा.